खाडीकाठच्या आळीत पाणी येतं: चिऱ्याचं जुनं घर कसं वाचवायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. दाभोळ खाडीच्या काठावरच्या गावात तुमच्या आजोबांची आळी आहे. अकरा घरं, सगळी चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, मंगलोरी कौलांची, शंभरीच्या आगेमागे बांधलेली. गेली आठ-दहा वर्षं पावसाळ्यातल्या उधाणाला पाणी आळीत येतं, आणि २०२१ च्या जुलैत ते ओटी ओलांडून माजघरात गुडघाभर उभं राहिलं. ठेकेदाराने उपाय सुचवलाय: भिंतींना आतून-बाहेरून चार फूट सिमेंटचा गिलावा, खाली काँक्रीट करून वर टाइल्स, आणि दारापुढे उंच कठडा. भावकीतले दोघे म्हणतात, पाडा आणि खांबांवर स्लॅबचं घर उठवा. काका म्हणतात, कशालाच हात लावू नका. तुम्ही ठाण्यात बसून विचारताय की खरं कुणाचं.

घर वाचेल. आळीही वाचेल. पण ठेकेदाराच्या यादीतली पहिली दोन कामं केलीत तर दहा वर्षांत भिंती जातील, पुराशिवाय जातील. मी सव्वीस वर्षं रेवदंड्यापासून राजापूरपर्यंत जुन्या घरांची दुरुस्ती करतोय. २००५ च्या आणि २०२१ च्या पुरानंतर चिपळूण-महाड भागात जी घरं पाहिली, त्यातली बरीचशी पुराने पडलेली नव्हती. पुरानंतर घाईने केलेल्या कामाने ती आजारी पडली होती. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात पायऱ्यांपासून करा. काकांना फोन करून विचारा, तुमच्या लहानपणी आळीतून ओटीवर चढायला किती पायऱ्या होत्या? अशा प्रत्येक आळीत माझा पहिला प्रश्न हाच असतो. उत्तर ‘चार’ नाहीतर ‘पाच’ येतं, आणि समोर पाहावं तर दीड-दोन उरलेल्या असतात. बाकीच्या खचलेल्या नाहीत, रस्ता वर आलाय. आधी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट होती, मग खडी, मग डांबर, मग डांबरावर डांबर, मग काँक्रीट, आणि आता त्यावर पेव्हर ब्लॉक. जुना थर खरवडण्याची तसदी कुणी घेतली नाही. अडीच पायऱ्या गाडल्या गेल्या म्हणजे सतरा-अठरा इंच.

आता समुद्राचा हिशोब पाहा. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला ३.३ मिलिमीटर या वेगाने चढली, त्याआधीच्या शंभर-सव्वाशे वर्षांत हा वेग १.०६ ते १.७५ मिलिमीटर होता. हे आकडे केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० सालच्या अहवालातले आहेत. म्हणजे अगदी आजचा वेग धरला तरी चाळीस वर्षांत समुद्र पाचेक इंच चढला, आणि आळीतला रस्ता त्याच्या तिप्पट. उधाणाचं पाणी किती उंच येणार हे रस्त्यावर ठरत नाही, हे खरं. पण पूर्वी ते ओहोटीबरोबर तासा-दोन तासांत उतरून जायचं. आता रस्त्याच्या भरावाआड जोत्याशी अडकतं, वरून पडणारा पाऊसही घराकडेच वळतो, आणि जोत्याचा चिरा दिवसच्या दिवस पाण्यात उभा राहतो. समुद्र मागे ढकलणं तुमच्या हातात नाही. रस्ता खाली आणणं आहे.

पण भिंतींचं किंवा रस्त्याचं मोठं काम काढण्याआधी एक पावसाळा मोजण्यात घालवा. आळीच्या खाडीकडच्या तोंडाशी एक जाड वेळू किंवा लोखंडी पाइप रोवा, त्यावर दर दोन इंचांना रंगाची रेघ मारा, आणि आळीतल्या सगळ्या ओट्यांची उंची त्या काठीच्या हिशोबात आणा. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढता येते, गवंडी रोज तेच करतो. मग दर उधाणाला काकांनी पाणी कुठपर्यंत आलं ते वहीत लिहायचं. भरतीची वेळ काढायला काकांना कुठलं कोष्टक लागणार नाही. तिथीची पाऊणपट हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब: अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पुनवेला-अवसेला सव्वाअकराच्या पुढे. सगळ्यात मोठं पाणी बहुधा पुनव-अवसेनंतर एक-दोन दिवसांनी येतं. वहीत तिथी, वेळ, पाण्याची रेघ, पाऊस होता का, वारा कुठला, एवढं पुरे. चार महिन्यांच्या अशा वहीतून जे कळतं ते कुठल्याही सल्लागाराच्या अहवालातून कळत नाही. एका आळीत अशीच वही पाहून लक्षात आलं की अकरापैकी सात वेळा पाणी खाडीच्या तोंडाकडून नव्हे, मागच्या पऱ्यातून, म्हणजे लहान ओढ्यातून, गटाराच्या पाइपातून उलटं आलं होतं. तिथे पुढे बांध घालायचा बेत ठरत आला होता!

वहीत आणखी एक गोष्ट लिहायला सांगा: पाणी गोडं होतं की खारं. याला फार महत्त्व आहे. तुमच्याकडे दोन पाणी येतात. वाशिष्ठी आणि जगबुडीचं वरून येतं, त्यात कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणीही वाशिष्ठीत पडतं. उधाणाचं खालून येतं. २०२१ ला वरून पाऊस कोसळत होता आणि खाली भरती होती, म्हणून पाणी उतरायला जागाच मिळाली नाही. नदीचं पाणी जोराचं असतं, गाळ आणतं, दर्जांमधली, म्हणजे चिऱ्यांच्या सांध्यांमधली, माती धुऊन नेतं, पण ते गेल्यावर भिंत वाळली की बऱ्यापैकी पूर्ववत होते. खाडीचं पाणी सौम्य दिसतं. वीतभर येतं, तासाभरात जातं, कुणी दखलही घेत नाही. पण समुद्राच्या एक हजार लिटर पाण्यात साधारण पस्तीस किलो मीठ असतं. खाडीत ते कमी होतं, तरी दर उधाणाला भिंत थोडंथोडं पीत राहते, आणि पाणी उडून गेलं तरी मीठ आतच राहतं.

आता जांभ्याचा स्वभाव. आपला चिरा भोकाभोकांचा दगड आहे. खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, उन्हा-वाऱ्यात घट्ट होतो. बांधकामाच्या चिऱ्याने वजनाच्या बारा टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे चांगला चिरासुद्धा शंभर किलोमागे दहा-अकरा लिटर पिऊ शकतो, आणि भिजलेला असताना त्याची ताकद सुक्यापेक्षा बरीच कमी असते. तरी ही घरं शंभर वर्षं कोकणच्या पावसात उभी राहिली, कारण प्यायलेलं पाणी बाहेर टाकायची सोय त्यांच्यात होती: मातीच्या किंवा चुन्याच्या दर्जा, चुन्याचा हात, शेणाने सारवलेली जमीन, रुंद पागोळ्या, वारा खेळता ठेवणारी पडवी. पाणी यायचं, वाळायचं, पुन्हा यायचं.

या भिंतीला सिमेंट फासलं की काय होतं ते एका घरातलं सांगतो. २०२२ च्या फेब्रुवारीत चिपळूणजवळच्या एका घरी गेलो होतो. २००५ च्या पुरानंतर त्यांनी माजघराच्या भिंतीला चार फूट सिमेंटचा गिलावा केला होता. भिंतीवर पाण्याच्या दोन रेषा होत्या, २००५ ची आणि तिच्या वर हातभर २०२१ ची. मी बोटाच्या पेराने ठोकत गेलो. साडेतीन फुटांवर आवाज बद्द यायला लागला. छिन्नीने कडा उचलली तर दाराच्या फळीएवढा तुकडा एकसंध खाली आला, आणि मागचा चिरा ओल्या रव्यासारखा होता. बोट घातलं तर दोन पेरं आत गेलं. सोबतच्या मिस्त्रीने सवयीने बोट जिभेला लावलं, म्हणाला, खारट आहे. ओल गिलाव्याच्या वर सरकत सरकत सात फुटांवर पोचली होती, कारण खाली तिला बाहेर पडायला वाट नव्हती. त्याच घराची मागची मोरीची भिंत कुणी गिलावा करायच्या लायकीची समजली नव्हती. तेवढीच जुनी, त्याच पाण्यात बुडालेली. तिला लोणा, म्हणजे मिठाचा पांढरा थर आला होता, चार-दोन दर्जा धुऊन गेल्या होत्या, पण चिऱ्याची कड अजून हाताला धारदार लागत होती. त्या दोन भिंती मी नंतर कितीतरी जणांना नेऊन दाखवल्या.

भिंतीवरच्या या लोण्याबद्दल एक गोष्ट कळली की बाकीचं वेळापत्रक आपोआप ठरतं. हवेतली आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर असली की मीठ ओलावा ओढून विरघळलेलं राहतं, त्याखाली आली की ते खडे धरतं. तो खडा वाढत जातो आणि चिऱ्याची भोकं आतून फोडतो. म्हणून पावसाळाभर भिंत नुसती ओली दिसते आणि दिवाळीनंतर झडायला लागते. लोकांना वाटतं थंडीने झडली. ती जुलैतल्या पाण्याने झडत असते.

तेव्हा खारं पाणी घरात आलं तर ते उतरल्या-उतरल्या, भिंत ओली आहे तोवर, गोड्या पाण्याने वरून खाली दोन-तीनदा धुऊन काढा. विहिरीत खारं पाणी शिरलं असेल तर ते वापरू नका, टँकर मागवा, त्याचे पैसे वसूल होतात. मग नोव्हेंबरपासून वर आलेला लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, सुपलीत गोळा करायचा आणि लांब टाकायचा. ओल्या फडक्याने पुसलात तर मीठ परत आत जातं. भिंत फारच खारावली असेल तर शाडू, बारीक धुतलेली रेती आणि कागदाचा लगदा गोड्या पाण्यात कालवून अर्धा इंच थापायचा, वाळून सुटू द्यायचा, आणि काढून टाकायचा. तो मीठ ओढून घेतो. दोन-तीन वेळा करावं लागतं. चिकाटीचं काम आहे, पण घरातली माणसं स्वतः करू शकतात.

त्यानंतर चुना. कळीचा चुना आणून टाकीत भिजवा आणि निदान महिनाभर पाण्याखाली मुरू द्या. जितका मुरेल तितका मऊसूत होतो. एक भाग चुना, तीन भाग गोडी रेती, जोत्याजवळ पाणी येतं तिथे रेतीतला थोडा वाटा सुरकीचा, म्हणजे विटांच्या भुकटीचा, म्हणजे ओलीतही तो धरेल. सिमेंट एक पाटीसुद्धा नाही. गवंडी म्हणेल, ‘थोडं घालतो, लवकर सुकेल.’ तिथे उभं राहून नको म्हणा. आधी दर्जा खरवडून भरायच्या, मग पातळ गिलावा, वर चुन्याची सफेदी. ऑइलपेंट, प्लास्टिक रंग, ‘डॅम्पप्रूफ’ म्हणून डब्यात मिळणारी रसायनं, सगळं बाद. हा चुन्याचा गिलावा खालच्या दोन-तीन फुटांत तीन-चार वर्षांनी झडेल. झडू द्या, त्याचं कामच ते आहे. मीठ त्याच्यात येतं, तो पडतो, चिरा राहतो. पुन्हा करायचा. ठेकेदाराला हे पटणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने झडलेला गिलावा म्हणजे बिघडलेलं काम.

व्हेनिसमध्ये हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. तिथल्या जुन्या बांधणाऱ्यांनी विटांच्या भिंतीखाली पाणी न पिणाऱ्या इस्त्रियाच्या पांढऱ्या दगडाचे थर दिले होते. समुद्र चढला, पाणी त्या दगडाच्या वर पोचलं आणि विटा खारावू लागल्या. ऑक्टोबर २०२० पासून तिथे खाजणाच्या तोंडाशी उचलायचे प्रचंड दरवाजे वापरात आलेत, तरी भिंतींचं काम घराघरात चालूच आहे. आपल्याकडे काही घरांचं जोतं काळथराचं, म्हणजे कठीण काळ्या दगडाचं असतं आणि वर चिरा. काळथर पाणी जवळजवळ पीत नाही. तुमच्या घराचं तसं असेल तर काठीच्या वहीत ही एक रेघ मुद्दाम लिहा: पाणी काळथराच्या वर वर्षातून किती वेळा जातं? तुमच्या घराचं वय यापुढे त्या आकड्यावर मोजायचं.

आता पाणी अडवण्याबद्दल. जुन्या बाजारपेठांत दुकानांना खाचेत एकावर एक बसणाऱ्या फळ्या असायच्या, आठवत असेल. दाराच्या चौकटीबाहेर तशीच खाच करून रबराची पट्टी लावलेल्या फळ्या बसवता येतात, पाणी यायच्या आधी दहा मिनिटांत. साध्या उधाणाला हे उत्तम. पण दोन फुटांच्या वर नाही. दोन फूट पाणी बाहेर आणि आत कोरडं असेल तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे १८० किलोचा रेटा येतो. चार फुटांना तो दुप्पट होत नाही, चौपट होतो, ७४० किलोच्या आसपास. आठ मीटरच्या दर्शनी भिंतीवर जवळपास सहा टन. मातीच्या दर्जांची, भिजलेली चिऱ्याची भिंत आडवा रेटा सोसण्यासाठी बांधलेलीच नाही. ठेकेदाराचा उंच कठडा म्हणून धोक्याचा आहे. पाणी दोन फुटांच्या वर जाणार असं दिसलं की फळ्या काढा, पुढचं-मागचं दार उघडा, पाणी आत येऊ द्या आणि तुम्ही बाहेर पडा. आतलं-बाहेरचं पाणी सारखं झालं की भिंतीवर रेटा राहत नाही. स्वतःच्या हाताने घरात पाणी घेणं फार जड जातं, मी पाहिलंय. पण भिंत त्यामुळे उभी राहते.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचा तट कधी जवळून पाहा. मोठमोठे दगड चुना न भरता नुसते एकावर एक बसवलेत. लाट फटींत शिरते, तिथे तिचा जोर मोडतो, आणि ती परत जाते. दगड नुसते रचून केलेल्या आपल्या गडग्याचंही तत्त्व तेच. तुमच्या जोत्याला हेच हवं. जोत्यात आत मातीची भर असते. पूर आला की ती पाणी पिऊन फुगते. बाहेरचं पाणी झपाट्याने उतरलं की आतली ओली भर जोत्याला बाहेर ढकलते आणि जोत्याला पोट येतं. अनेक घरं पाणी असताना नव्हे, पाणी ओसरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसतात ती अशी. जोत्याच्या तळाशी दर चार-पाच फुटांवर पाणी झिरपायला भोकं ठेवा, आत खडीची पिशवी द्या, म्हणजे माती वाहून जाणार नाही. ओटीखाली आधीच पोट आलं असेल तर ते काम सगळ्यात आधी, याच मे महिन्यात.

जमिनीला काँक्रीट-टाइल्स नकोत. खालची ओल वर यायचं थांबत नाही, टाइलीखालून सरकून भिंतीच्या पायथ्याशी चढते. शेणाची जमीन आज कुणाला झेपत नसेल तर खडीचा थर, त्यावर चुन्याचा कोबा, किंवा रेतीत बसवलेल्या फरश्या, सांधे चुन्याचे. विजेचा मीटर, मेन स्विच आणि सगळे सॉकेट २०२१ च्या रेषेच्या दोन फूट वर न्या, तारा वरून खाली येऊ द्या. शौचालयाच्या टाकीच्या पाइपाला पाणी उलटं येऊ न देणारी झडप लावा. दागिने-कागद-फोटो जूनच्या आधी माळ्यावर. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर १८६४ पासूनचं, तिथे २००५ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा पाणी शिरलं. गेलेली पुस्तकं परत येत नाहीत.

लाकडाचं एवढंच: पुरात भिजलेला खांब किंवा चौकट हीटर-पंखे लावून सुकवू नका, तडकते. फुगलेलं दार रंध्याने घासू नका, महिना-दोन महिने थांबा, बरंचसं आपलं आपण बसतं. खांबाचं बूड तळखड्यावर कुजलं असेल तर सबंध खांब बदलायची गरज नाही. तेवढा तुकडा कापून त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा सांधा देणारे सुतार अजून गुहागर-दापोलीकडे सापडतात. त्यांचं वय पाहता हे काम पुढे ढकलू नका.

मुख्य म्हणजे, हे सगळं एकट्या घराने करून भागत नाही. तुम्ही जोतं वाचवलंत आणि शेजारच्याने अंगण दीड फूट भरून घेतलं की त्याचं पाणी तुमच्या भिंतीला. पुढच्या वर्षी तुम्हीही भरणार, मग तिसरा. आळीत पाण्याने कुणाच्या अंगणात थांबायचं हा प्रश्न अकरा जणांनी एकत्र बसून सोडवायचा आहे. अलिबाग-पेणकडच्या खारभूमीत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीत, बांधबंदिस्ती सांभाळायला जोळ पद्धत होती. बांधाला खांड गेली की ज्यांची-ज्यांची शेतं त्या बांधामागे, त्या सगळ्यांनी माती टाकायला यायचं. आळीलाही तशी जोळ लागते. कामं साधी आहेत. गटार खाडीला मिळतं तिथे उघाडी बसवायची, खारबांधाला असते तशीच: भरतीला पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटणारी, ओहोटीला उघडणारी. ती दर आठवड्याला साफ करायची पाळी लावायची, कारण एक प्लास्टिकची पिशवी अडकली की ती मिटत नाही. मागचा पऱ्या मे महिन्यात मोकळा करायचा. आणि ग्रामसभेत ठराव घ्यायचा की यापुढे आळीतला रस्ता जुना थर खरवडल्याशिवाय होणार नाही, आणि त्याची पातळी सगळ्यात खालच्या ओटीपासून अमुक इंच खाली राहील. इंचांचा आकडा ठरावात लिहून घ्या. आकड्याशिवायचा ठराव पुढच्या ठेकेदाराला अडवत नाही.

खाडीकडे धूपप्रतिबंधक बंधारा मागावा का, असं तुम्ही विचारलंय. उघड्या समुद्रावर लाटांचा मारा असेल तिथे त्याला अर्थ आहे, तरी दगडांच्या भिंतीसमोरची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, हळूहळू जाते आणि बंधारा संपतो तिथे शेजारच्या वाडीची धूप वाढते. तुमच्याकडे लाट नाही, पातळी चढते. दगडांच्या फटींतून पाणी येणारच, आणि पावसाचं पाणी मात्र आत कोंडलं जाईल. त्यापेक्षा समोरचं कांदळवन सांभाळा. तिवरं गाळ धरतात, नौकांच्या आणि वादळाच्या लाटा मोडतात. तोडायला कायद्याने बंदीच आहे, पण कचरा-भराव टाकून हळूहळू मारली जातात, तिकडे लक्ष ठेवा.

घर जॅकवर उचलून घेण्याच्या जाहिराती तुमच्या भावांनी पाहिल्या असतील. अमेरिकेत किनाऱ्यावरची जुनी लाकडी घरं अशी उचलतात, तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेने २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. लाकडी सांगाड्याचं घर एकसंध उचललं जातं. मातीच्या दर्जांची चिऱ्याची भिंत तशी एकसंध नसते, तिचा प्रत्येक चिरा खालच्यावर नुसता बसलेला असतो. मी तुमच्या घराला हा सल्ला देणार नाही. पाडून खांबांवर बांधण्याबद्दल: पाडण्याआधी त्या जागेचा सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा आणि पूररेषेचा नकाशा दोन्ही काढून घ्या. जलसंपदा विभागाची निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची. असलेल्या घराची दुरुस्ती आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवं बांधकाम यांना लागू होणारे नियम वेगळे आहेत. घर पाडून बसलेली आणि परवानगीसाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घालणारी माणसं मला माहीत आहेत. शिवाय सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर सतरा नावं असतील तर पाडायला सगळ्यांची संमती लागेल. दर्जा भरायला काकांची एकट्याची पुरते.

किती वर्षं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. आजच्याच वेगाने समुद्र चढला तरी तीस वर्षांत आणखी चार इंच. पण वेग वाढतोय. आंतरराष्ट्रीय हवामान अहवालाप्रमाणे २१०० पर्यंत जगाची सरासरी पातळी, आपण धूर किती ओकतो त्यावर, २८ सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत चढेल. एक मीटर चढली तर तुमची आळी रोजच्या भरतीत असेल, तिथे चुना आणि उघाडी पुरणार नाहीत, हे मी लपवत नाही. पण तीस वर्षं ही आळी राहती ठेवता येईल, हे मी जबाबदारीने सांगतो. त्या तीस वर्षांत अकराही घरांची मोजमापं घेऊन ठेवा. दारं-खुंट्या-कोनाड्यांसकट नकाशे काढा, फोटो काढा, कोणता चिरा कुठल्या खाणीचा, कौलं कुठून आली, ते काकांच्या तोंडून लिहून घ्या. शिवकाळातले काही जलदुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, सुवर्णदुर्ग त्यात आहे. त्यांच्याकडे बघणारं कुणीतरी आहे. किल्ल्याला शिडाचं कापड, मीठ, तांदूळ, माणूस पुरवणाऱ्या खाडीकाठच्या आळ्यांकडे बघणारे तुम्हीच आहात.

या मे महिन्यात फक्त तीन गोष्टी करा: जोत्याची भोकं, मागचा पऱ्या आणि मोजायची काठी. चुना आत्ताच भिजत घाला, दिवाळीला लागेल. नारळी पौर्णिमेच्या उधाणानंतर काकांच्या वहीची पानं आणि माजघराच्या चारही भिंतींचे, जमिनीपासून सात फुटांपर्यंतचे फोटो मला पाठवा. कुठली भिंत आधी घ्यायची ते त्यावरून सांगतो.